नऊ चौकोनांचा माणूस : पॅट्रिक गेडिस

सिव्हिलच्या पोरांना गेडिस हे नाव टाऊन प्लॅनिंगच्या पेपरला भेटतं, आणि तेही दोन मार्कांपुरतं. आधी सर्व्हे करा, मग प्लॅन करा, असं सांगणारा स्कॉटिश माणूस, एवढं लिहिलं की मार्क पदरात पडतात. मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांना तर एवढंही माहीत असायचं कारण नाही. मी शिर्डीचा. फायनल इयरच्या प्रोजेक्टला आमच्याच गावाच्या रस्त्यांचा विषय घेतला आणि संदर्भ शोधता शोधता हा दाढीवाला म्हातारा सापडला. म्हातारा म्हणतो, कारण हिंदुस्थानात पाऊल ठेवलं तेव्हा त्यांनी साठी गाठली होती. आपल्याकडे ज्या वयात माणसं पेन्शनचे कागद जुळवतात, त्या वयात यांनी अर्ध्या देशाची गल्ली-बोळं पायी तुडवली.

जन्म 2 ऑक्टोबर 1854, स्कॉटलंडमधल्या बॅलेटर गावी. म्हणजे गांधी जयंतीची सुट्टी आपण नकळत गेडिस यांच्या वाढदिवसालाही घेत असतो! वडील फौजेत होते. बालपण पर्थ शहराबाहेरच्या एका टेकडीवरच्या घरात गेलं. खाली नदी, पलीकडे शेतं आणि लांब डोंगर. हे एकच चित्र पोराने रोज पाहिलं आणि पुढे आयुष्यभर कागदावर काढत राहिला.

शिक्षणाच्या बाबतीत साहेबांचं रेकॉर्ड ऐकून आपल्यापैकी बऱ्याच जणांना धीर येईल. एडिंबरो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातलं आणि आठवड्याभरात सोडलं. लंडनला जाऊन हक्सले या त्या काळच्या मोठ्या जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली काही वर्षं शिकले, पण डिग्री म्हणून जी काय असते ती कधी घेतलीच नाही. तरी 1888 मध्ये डंडीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर झाले आणि 1919 पर्यंत ती खुर्ची सांभाळली. नोकरी वर्षातली एकच टर्म शिकवण्याची होती. उरलेले महिने हा गृहस्थ शहरांच्या मागे.

पण मला जे सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, 1879 सालचं आहे. पंचविशीतले गेडिस नमुने गोळा करायला मेक्सिकोला गेले आणि तिथे डोळे गेले. कायमचे नाही, पण डॉक्टरांनी कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसवून ठेवलं. मायक्रोस्कोपवर जगणाऱ्या पोराला दिसायचं बंद झालं, म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. एके दिवशी खिडकीवर हात फिरवताना बोटांना तावदानांच्या चौकटी लागल्या. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, मध्ये चौकोन. त्यांच्या मनात आलं की डोक्यातले विचारही असेच चौकोनात मांडता येतील. एका चौकोनात एक गोष्ट, शेजारच्यात दुसरी, आणि त्या दोघींचं नातं दाखवायला तिसरा चौकोन. कागद लागणार नाही, शाई लागणार नाही, बोटांनी चाचपत विचार करता येईल.

डोळे सुधारले, पण ही सवय सुटली नाही. पुढची पन्नास वर्षं त्यांनी कागदाला घड्या घातल्या. याला ते विचार करायची यंत्रं म्हणत. इंजिनिअरिंगवाल्यांना यंत्र म्हटलं की गिअर आठवतात. इथे यंत्र म्हणजे एक कोरा कागद. तुम्हीही आत्ता करून बघा. पानाच्या आडव्या दोन आणि उभ्या दोन घड्या घाला, नऊ चौकोन पडतील. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून तिरके खाली या आणि तीन चौकोनांत तीन शब्द लिहा: स्थळ, काम, लोक. हे तीन शब्द त्यांनी ल प्ले या फ्रेंच अभ्यासकाकडून घेतले होते, फक्त तिकडे लोकांच्या जागी कुटुंब होतं. आता उरले सहा चौकोन, आणि सगळी गंमत तिथेच आहे. स्थळामुळे कोणतं काम मिळतं? कामामुळे स्थळाचं काय होतं? या स्थळाने कशी माणसं घडवली आणि त्या माणसांनी इथे कशी घरं बांधली? काम माणसाला काय करतं आणि माणूस कामाला काय देतो? प्रत्येक प्रश्नाला एक घर. कोणतं घर रिकामं राहिलं ते समोर बसलेल्या दहा जणांना एकदम दिसतं. पुढे त्यांनी असे चार नऊ-नऊचे गट जोडून छत्तीस चौकोनांचा मोठा तक्ताही केला. त्यात रोजची कामं, त्यांतून आलेलं ज्ञान, मनातली स्वप्नं आणि प्रत्यक्ष उतरवलेलं कर्तृत्व अशी चक्राकार वाटचाल आहे. खरं सांगायचं तर तो तक्ता मला तीनदा वाचूनही पूर्ण कळला नाही. नऊचा मात्र शाळेतल्या पोरालाही कळतो.

आज कंपन्यांच्या मीटिंगमध्ये भिंतीवर मोठा कागद लावतात, चार खाने आखतात, बलस्थानं, उणिवा, संधी, धोके असं लिहितात आणि रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात. प्रॉडक्शनवाले इशिकावांचा माशाचा काटा काढतात. गेडिस यांच्याच काळातल्या हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने कामाच्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला, जो आपण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शेवटच्या रात्री घुसडतो. या सगळ्यामागे एकच साधी गोष्ट आहे. तोंडाने बोललेलं हवेत जातं आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. आखलेला कागद मध्ये ठेवला की बोलणं कागदाशी होतं, एकमेकांच्या अंगावर जायला वेळ कमी मिळतो.

असो, मूळ मुद्द्यावर येतो. 1886 मध्ये अॅना मॉर्टन या मुलीशी लग्न झालं आणि जोडप्याने एडिंबरोच्या जुन्या भागातल्या जेम्स कोर्ट या अगदी घाणेरड्या चाळीत बिऱ्हाड केलं. परवडत नव्हतं म्हणून नव्हे, मुद्दाम. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना मारला, सांडपाण्याची वाट केली, जिथे मोकळा तुकडा दिसेल तिथे झाडं लावली. आणि हे तर आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं: 1887 मध्ये त्यांनी तिथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, ज्याचा कारभार विद्यार्थ्यांनीच पाहायचा. नियम पोरांनी करायचे, पाळायचेही पोरांनीच. रेक्टर सर हे वाचत असतील तर त्यांनी राग मानू नये, मी फक्त इतिहास सांगतोय.

1892 मध्ये एडिंबरोच्या किल्ल्याजवळचा एक मनोरा त्यांनी ताब्यात घेतला. गच्चीवर आरसा आणि भिंगाची एक जुनी करामत होती. अंधाऱ्या खोलीतल्या गोल टेबलावर सगळं शहर हलताना दिसायचं. रस्त्यावरून जाणारी माणसं, गाड्या, धूर. त्याखालच्या मजल्यावर एडिंबरोचे नकाशे, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी बोलणारे देश, युरोप आणि तळमजल्याला सारं जग. पाहुण्याला ते आधी धावत वर न्यायचे. आधी आपलं गाव बघा, मग एकेक मजला उतरत जगाकडे जा, असा हिशेब. आपल्या अभ्यासक्रमाची इमारत नेमकी उलटी बांधलेली आहे. आपल्याला परदेशातल्या शहरांची उदाहरणं आधी येतात आणि गोदावरीचा उजवा कालवा राहात्याच्या पेरूंना पाणी कसं देतो हे कधीच येत नाही.

त्यांचं आणखी एक आवडतं चित्र म्हणजे दरीचा छेद. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एकच उतरती रेघ, आणि त्या रेघेवर कुठे कोण राहतो ते: वर खाणवाला, लाकूडतोड्या, शिकारी, मग मेंढपाळ, शेतकरी आणि शेवटी किनाऱ्यावरचा कोळी. जमीन बदलते तसं काम बदलतं, काम बदलतं तसा माणूस. मी प्रोजेक्टसाठी प्रवरेचा छेद काढून पाहिला. वर रतनगड, जिथे हिरडा गोळा करणारे आणि भात लावणारे महादेव कोळी. मग 1926 मध्ये पुरं झालेलं भंडारदऱ्याचं धरण. खाली अकोले, संगमनेर, मग कालव्याने पालटून टाकलेला उसाचा पट्टा, लोणी-प्रवरानगरचा सहकारी कारखाना, आणि प्रवरासंगमला नदी गोदावरीत. एका रेघेत आमचा अर्धा जिल्हा आला! वर पाऊस धो धो पडतो आणि खाली बाजरीच्या शेताला तो बघायला मिळत नाही, मग पाण्यावरून भांडणं का होतात, हे त्या रेघेकडे बघून माझ्या आजीलासुद्धा समजलं. ती चौथी शिकलेली आहे.

आता हिंदुस्थान. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी बोलावलं म्हणून 1914 मध्ये गेडिस निघाले. शहरांवरचं त्यांचं मोठं प्रदर्शन, म्हणजे वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे, चित्रं, तक्ते, वेगळ्या बोटीने येणार होतं. त्या बोटीचं नाव क्लॅन ग्रँट. पहिलं महायुद्ध नुकतंच पेटलं होतं, आणि ऑक्टोबर महिन्यात एमडेन या जर्मन युद्धनौकेने ती बोट बुडवली. आयुष्याची कमाई समुद्राच्या तळाला. आपली हार्ड डिस्क उडाली की आपण दोन दिवस जेवत नाही. या माणसाने आणि मित्रांनी पत्रं पाठवून, मिळेल तिथून नकाशे मागवून दुसरं प्रदर्शन उभं केलं आणि 1915 च्या जानेवारीत ते मद्रासला लागलंसुद्धा.

नंतरच्या वर्षांत त्यांनी चाळीसच्या वर गावांचे अहवाल लिहिले. तेव्हाची सरकारी पद्धत अशी होती की जुन्या वस्तीवर पट्टी ठेवायची, सरळ रेघ मारायची आणि मध्ये येईल ते घर पाडायचं. गेडिस आधी चालायचे. सकाळी लवकर उठून गल्ली न् गल्ली, विहीर, पार, देऊळ, पडकी भिंत सगळं बघून नकाशावर खुणा करायचे. मग दाखवून द्यायचे की इथलं एक पडकं घर काढलं आणि तिथला कोपरा कापला की हवा येते, रस्ता मिळतो, आणि बाकीची कुटुंबं जागच्या जागी राहतात. खर्चही कितीतरी कमी. याला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली होती, राखून केलेली शस्त्रक्रिया. डासांमुळे तळी बुजवायला निघालेल्यांना त्यांचं सांगणं होतं की तळी साफ ठेवा, त्यात मासे सोडा. मदुरा, कांचीपुरम अशा देवळांच्या गावांबद्दल त्यांना मनापासून आदर होता. देऊळ, रथाचा रस्ता आणि भोवतीची घरं ही एकाच योजनेची अंगं आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं.

ही वर्षं त्यांना घरच्या बाजूने फार वाईट गेली. 1917 च्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा अॅलास्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर पडला. तेव्हा अॅना इकडे हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळली होती. गेडिसनी तिला बातमी सांगितली नाही. मुलाची जुनी पत्रं तिला वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्याला तीही गेली. यावर मी जास्त काही लिहू शकत नाही.

त्यानंतर लगेचची गोष्ट इंदूरची. होळकरांचं संस्थान, राज्य मराठी माणसांचं. आणि ज्यांच्या नावाने आमच्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं त्या अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी याच जिल्ह्यातलं. तर इंदुरात प्लेग आणि हिवताप. गेडिस नकाशे घेऊन बोळांतून हिंडायचे तेव्हा लोक घाबरून बाजूला व्हायचे. हा गोरा म्हाताराच प्लेग आणतो अशी बोलवा होती. घर मोजायला आला म्हणजे पाडायला आला, ही भीती तर होतीच. गेडिसनी महाराजांकडे एका दिवसापुरता अधिकार मागितला. दिवाळीची मिरवणूक त्यांच्या हातात द्यायची. मग जाहीर केलं की यंदा मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत जास्त झाडूनपुसून, डागडुजी करून, रंगवून तयार असतील त्या रस्त्याने जाईल. झालं! प्रत्येक आळीला वाटलं मिरवणूक आपल्याच दारावरून जायला हवी. गाड्याच्या गाड्या कचरा गावाबाहेर गेला.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण त्यांच्यामागे रोगराईचा राक्षस, भलेमोठे डास आणि अंगावर पिसवा असलेला प्रचंड उंदीर. त्यामागे सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, नव्या रंगवलेल्या गाड्यांवर, बैलांच्या गळ्यात हार. ज्यांची सावली टाळायची त्यांना त्या दिवशी गावाने मिरवलं. मग इंदूर नगरीची देवी आणि होऊ घातलेल्या नव्या घरांचे नमुने, आणि घरोघरी लावायला तुळशीची रोपं. रात्री राक्षस आणि उंदीर जाळले. विचार करा, हासुद्धा एक तक्ताच आहे. आज काय आहे, उद्या काय हवं आणि मध्ये काम कोणाचं, हे तिन्ही ओळीने रस्त्यावरून चालत गेलं, आणि अक्षर न येणाऱ्यालाही वाचता आलं. 1918 मध्ये इंदूरचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला.

त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला, विजयादशमीला, शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. शिर्डीचा आणि गेडिस यांचा थेट संबंध काही नाही. तेव्हाची शिर्डी म्हणजे कोपरगाव तालुक्यातलं एक लहान खेडं. आज तिथे रेल्वे आहे, 2017 पासून विमानतळ आहे, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसऱ्याला तर पाय ठेवायला जागा नसते. द्वारकामाई, चावडी, समाधी मंदिर, लेंडीबाग हे सगळं हाकेच्या अंतरावर, आणि त्याभोवती आम्ही राहणारे. गर्दीला रस्ता हवा, हे आम्हालाही कळतं. माझ्या काकांचं हार-प्रसादाचं दुकान आहे, गर्दी नसली तर आम्ही खाणार काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाची चर्चा निघाली आणि मारुतीच्या देवळात बैठक बसली. दोन तास नुसता आरडाओरडा. शेवटी मी एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नऊ चौकोन आखले आणि पारावर पसरले. पोरगं इंजिनिअर होतंय, करू द्या, म्हणून मोठ्यांनी करू दिलं. स्थळ भरलं, काम भरलं, लोक भरले. दुकानदार, लॉजवाले, घरमालक, सगळ्यांची नावं पडली. कामाच्या आणि लोकांच्या मधल्या घरात लिहायला सुरुवात केली तेव्हा काकाच म्हणाले की फुलं विकणाऱ्या बाया राहिल्या. पहाटेच्या गाडीने आसपासच्या खेड्यांतून येतात, जमिनीवर गोणपाट टाकून बसतात. त्यांचं ना घर इथे, ना उतारा, म्हणून आलेल्या नोटिशीतही त्या नाहीत आणि आमच्या बैठकीतही नव्हत्या. पुढच्या बैठकीला त्यातल्या चौघी आल्या. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हती: सकाळी सहा ते आठ गर्दी गल्लीच्या फक्त एका तोंडाला तुंबते, आणि ती तिथे बंद पडलेल्या एका ओट्यामुळे. तो ओटा आम्ही मोजला. सगळ्या गल्लीचं माप घेऊन नकाशा केला, तीन कोपरे आणि तो ओटा एवढंच काढलं तर किती रुंदी मिळते ते दाखवलं आणि अर्जासोबत संबंधित कचेरीत दिला. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही.

आता गेडिस यांच्या विरुद्ध बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ही आरती होईल. त्यांचं बोलणं दाढीत हरवायचं, लिहिणं त्याहून अवघड. बहुतेक अहवाल कपाटातच राहिले. लुईस ममफर्डसारखा मोठा लेखक त्यांना गुरू मानायचा, पण घड्यांचे ते तक्ते त्याच्याही गळी उतरले नाहीत. मला वाटतं म्हातारपणी गेडिस स्वतःच आपल्या चौकोनांच्या प्रेमात पडले होते. चौकोन आधी आणि माणूस मग, असं झालं की तक्त्याचा फॉर्म होतो, आणि फॉर्म भरायची सवय आपल्याला जर्नल कम्प्लीट करताना लागलेलीच आहे. शिवाय हे सगळं काम राजे आणि गव्हर्नर यांच्या परवानगीने चाललं होतं. त्यांची मर्जी फिरली की नकाशा गुंडाळला.

1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला आणि गेडिस त्याचे पहिले प्रोफेसर झाले. 1924 पर्यंत होते. त्यांनीच हेरलेला एक विद्यार्थी म्हणजे मालवणकडचे गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे संस्कृतवाले. गेडिस यांच्या शिफारशीवर ते इंग्लंडला गेले आणि परत येऊन 1924 मध्ये त्याच विभागाचे प्रमुख झाले. घुर्यांनी गुरूचे चौकोन काही उचलले नाहीत, स्वतःची वाट काढली. याच काळात गेडिसनी जगदीशचंद्र बसूंचं चरित्र लिहिलं (1920), टागोरांशी पत्रव्यवहार ठेवला, जेरुसलेमला विद्यापीठाचा आराखडा करायला गेले, आणि 1925 मध्ये तेल अवीव शहराची योजना दिली. तिथलं मात्र बरंचसं प्रत्यक्षात उतरलं.

तब्येत बिघडल्यावर ते फ्रान्सच्या दक्षिणेला मोंपेलिए गावी राहिले. खडकाळ माळ घेतला, बाग केली आणि 1924 पासून तिथेही विद्यार्थ्यांचं वसतिगृह बांधत बसले. सर ही पदवी पूर्वी एकदा नाकारली होती, 1932 मध्ये स्वीकारली. ती घ्यायला भर थंडीत लंडनला जावं लागलं. परतल्यावर 17 एप्रिलला मोंपेलिएतच गेले, सत्त्याहत्तराव्या वर्षी. त्यांचे कागद आज ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात आणि एडिंबरोला जपून ठेवले आहेत, त्यांत घड्या घातलेले कागदही आहेत.